संसदेतला प्रश्न कसा बांधावा आणि उत्तर निसटते कुठे : तारांकित, पुरवणी, आश्वासन

पाणवठा

लोकसभेतली लेखी उत्तरे सलग वाचायला घेतली की एक गोष्ट सतत खटकते. सदस्याने पोटतिडकीने विचारलेले असते आणि खाली उत्तर येते की हा राज्यांचा विषय आहे. नाहीतर योजनेच्या माहितीपत्रकातले दोन परिच्छेद उतरवलेले असतात. यात मंत्र्यांचा दोष किती आणि प्रश्नाच्या बांधणीचा किती, यावर जाणकारांनी लिहावे म्हणून हा धागा.

चर्चेला धरून बोलता यावे म्हणून नेहमी दिसतो तसा एक मसुदा देतो:

'ग्रामीण पाणीपुरवठा योजनांचा देशभर बोजवारा उडाला असून कोट्यवधी रुपये पाण्यात गेले आहेत हे सरकारला माहीत आहे काय. याला जबाबदार कोण. दोषींवर कारवाई केव्हा होणार. आणि पाण्याबाबत सरकारचे धोरण काय?'

हा दाखल होईल का? झाला तर उत्तर काय येईल? आणि तो कसा लिहायला हवा?

शिरस्तेदार

आहे तसा दाखल होणे अवघड. लोकसभेच्या नियम ४१ मध्ये प्रश्न ग्राह्य धरण्याच्या अटी आहेत, त्यातल्या चार-पाच या एका मसुद्यात मोडल्या आहेत. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, विशेषणे आणि आरोप चालत नाहीत. 'बोजवारा' हे अनुमान झाले, 'पाण्यात गेले' हा उपरोध. उत्तराच्या मर्यादेत मावणार नाही इतके मोठे धोरण विचारता येत नाही, म्हणून 'पाण्याबाबत धोरण काय' हा भाग गळणार. 'जबाबदार कोण' हे मत विचारणे आहे, माहिती नव्हे. शिवाय पाणीपुरवठा राज्यसूचीत असल्याने केंद्राच्या प्रत्यक्ष जबाबदारीबाहेरची बाब म्हणून बोट ठेवता येते.

बाकीच्या अटीही लक्षात ठेवा. प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. न्यायालयात चालू असलेला विषय नको. आधी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा नको. सहज उपलब्ध दस्तऐवजात किंवा नेहमीच्या संदर्भग्रंथात सापडणारी माहिती विचारू नये. ही शेवटची अट फार जणांना माहीत नसते आणि तीच नडते.

समजा लोकसभा सचिवालयाने काटछाट करून तुमचा प्रश्न घेतला. तरी मंत्रालय पहिल्या भागाला 'नाही' म्हणेल आणि उरलेल्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिल्या भागात तुम्ही सरकारला एक ठाम विधान मान्य करायला सांगता आणि बाकीचे भाग त्याच खुंटीला टांगता. खुंटी काढली की सगळे खाली.

कोरा कागद

शिरस्तेदार, खुंटीचा मुद्दा महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नांत तर ढळढळीत दिसतो. तिथला साचा ठरलेला: '(१) अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

उत्तराचाही साचा ठरलेला. 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', आणि मग 'प्रश्न उद्भवत नाही'.

पहिल्या भागात तारीख किंवा आकडा जरा चुकला तरी विभागाला 'हे खरे नाही' म्हणायची वाट मिळते. 'मार्च महिन्यात ४० कामे बंद पडली हे खरे आहे काय' असे विचारले आणि प्रत्यक्षात ३८ कामे एप्रिलमध्ये बंद पडली असतील, तर 'हे खरे नाही' हे उत्तर अक्षरशः बरोबर ठरते. त्यापेक्षा 'किती कामे बंद आहेत व केव्हापासून' हे सुटे विचारावे. त्याला होय-नाही म्हणताच येत नाही.

'अंशतः खरे आहे' वाचताना मात्र तिथेच थांबावे. कोणता अंश खरा नाही ते उत्तरात लिहिलेले नसेल तर उपप्रश्न तोच.

रानवारा

माहितीपूर्ण धागा. नव्याने वाचणाऱ्यांसाठी मूळ यंत्रणा थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर पुरवणी, म्हणजे त्या उत्तरातून निघणारे तोंडी उपप्रश्न, विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर, ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. एका सदस्याच्या नावावर लोकसभेत दिवसाला एकच तारांकित लागू शकतो. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. नोटिसा जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून क्रम सोडतीने लागतो. प्रश्न कितीही चांगला असला तरी सोडतीत मागे पडला की गेला.

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास ११ ते १२. राज्यसभेतही पूर्वी तसाच होता, २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून तो दुपारी १२ वाजता नेला.

छापील यादीचा कागदही वेगळा असतो. लोकसभेत तारांकितांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या. तारांकितांचे क्रमांक अधिवेशनभर सलग चालतात, पहिल्या दिवशी १ ते २०, दुसऱ्या दिवशी २१ ते ४०. त्यामुळे तारांकित ९३ म्हटले की जाणकाराला कळते, पाचवा दिवस आणि यादीत तेरावा. आणि तेरावा म्हणजे तोंडी उत्तराची आशा फारशी नाही.

मंत्रालयांचे गट पाडून सोमवार ते शुक्रवार वार वाटून दिलेले असतात. तीन आठवड्यांच्या अधिवेशनात एका मंत्रालयाची पाळी जेमतेम तीनदा येते. त्यात एखादी सुट्टी आली की त्या वाराच्या सगळ्या मंत्रालयांची एक पाळी बुडाली. प्रश्न चुकीच्या मंत्रालयाला पाठवला तर तो दुसरीकडे वर्ग होतो, आणि तिथला वार वेगळा असतो. म्हणून योजना कोणत्या मंत्रालयाच्या कोणत्या विभागाकडे आहे हे आधी पक्के करणे हे पहिले काम.

उंबरठा

एक शंका. वीसपैकी तोंडी उत्तर किती प्रश्नांना मिळते? आणि गोंधळात तास वाहून गेला तर उत्तरे मिळतच नाहीत का?

रानवारा

बहुतेक दिवशी चार-पाच, कामकाज सुरळीत चालले तर थोडे जास्त. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत एका दिवशी वीसच्या वीस प्रश्न झाले तेव्हा त्याची बातमी झाली, कारण तसे १९७२ नंतर प्रथमच घडले होते. याच्या उलट नोव्हेंबर २००९ मध्ये यादीतले इतके सदस्य गैरहजर होते की तास वेळेआधीच संपला.

तास बुडाला तरी तारांकितांची लेखी उत्तरे पटलावर येतात. बुडतात त्या पुरवणी. बाहेरून वाटते की उत्तर तर मिळाले, मग नुकसान काय? नुकसान खरे तिथेच आहे. लेखी उत्तर मंत्रालयाने आठ-दहा दिवस घोटून तयार केलेले असते. मंत्र्याला स्वतःला विषय किती कळला आहे हे फक्त पुरवणीत उघडे पडते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीमुळे प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त अतारांकित प्रश्न होते. उत्तरे शेकड्यांनी आली, पण समोरासमोर एकही पुरवणी झाली नाही.

कोरा कागद

पुरवणीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण हातात आलेली संधी सर्वात जास्त तिथेच वाया जाते.

अध्यक्ष क्रमांक पुकारतात. सदस्य उठून फक्त प्रश्न क्रमांक सांगतो, मंत्री म्हणतात 'निवेदन पटलावर ठेवले आहे'. मग पुरवणी सुरू. रूढीप्रमाणे मूळ सदस्याला दोन मिळतात, त्याच प्रश्नाला ज्याचे नाव जोडले आहे त्याला एक, आणि पुढे अध्यक्ष ज्याला पुकारतील त्याला. म्हणजे तयारी दोनच वाक्यांची करायची असते. तिथे अनेकदा दीड-दोन मिनिटांची प्रस्तावना होते, मग एका दमात चार प्रश्न. चार प्रश्न विचारले की मंत्री त्यातला सोपा उचलतात आणि उरलेल्यांना बगल देतात. त्यात नियमाचा भंगही होत नाही.

मंत्र्यांच्या हातात जी फाइल असते तिच्यात संभाव्य पुरवणी आणि त्यांची उत्तरे अधिकाऱ्यांनी आधीच लिहून दिलेली असतात. अधिकारी सभागृहातल्या दीर्घेत (गॅलरीत) बसलेले असतात आणि गरज पडली की चिठ्ठी आत जाते. त्यामुळे 'निधी का कमी पडला' या पुरवणीचे उत्तर फाइलमध्ये हमखास असते. पटलावर ठेवलेल्या निवेदनातलाच एक आकडा उचलून 'परिशिष्टात अमुक राज्यापुढे शून्य आहे, ते अहवाल आला नाही म्हणून की काम झाले नाही म्हणून?' असे विचारले, तर त्याचे तयार उत्तर बहुधा नसते. पुरवणी उत्तरातूनच उद्भवली पाहिजे हा नियमही त्यामुळे पाळला जातो, आणि अध्यक्ष ती अडवू शकत नाहीत.

दुसरी पुरवणी पहिलीच्या उत्तरावर बांधायची. पहिल्या पुरवणीचे उत्तर न ऐकता कागदावरची दुसरी वाचून दाखवली की हातचे सुटले.

पाणवठा

म्हणजे तारांकितच मागावा, असे ना?

शिरस्तेदार

कोरा कागद यांच्याशी इथे माझा थोडा मतभेद आहे. माहितीच हवी असेल तर अतारांकित बरा. सोडतीत शक्यता जास्त, आणि उत्तर येणार हे नक्की. एका अधिवेशनात अतारांकिताने आकडे काढायचे, पुढच्या अधिवेशनात त्या आकड्यांवर तारांकित लावायचा. पहिल्याच फटक्यात तारांकित लावला तर पुरवणीत विचारायला हातात काहीच नसते.

मुंदडा प्रकरण आठवा. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले होते. त्यावर आधी प्रश्न आले. गुंतवणूक झाली का, किती झाली, कोणत्या कंपन्यांत, एवढेच. त्या उत्तरांतून जे निसटले ते धरून काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी यांनी डिसेंबरमध्ये सभागृहात चर्चा उभी केली. पुढे न्यायमूर्ती छागलांचा एकसदस्य आयोग बसला, त्याची सुनावणी मुंबईत उघडपणे झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सुरुवातीच्या प्रश्नांत आरोपाचा शब्दही लागला नव्हता. सरकार आधी कागदावर बांधले गेले, आरोप नंतर आला.

कोरा कागद

मान्य, पण मुंदडा प्रकरणातही पुरवणींनी काम केले आहे. मंत्र्यांचे तोंडी उत्तर आणि नंतरचा कागद यांत फट पडली तीच पकडली गेली. क्रम तुम्ही म्हणता तोच ठेवावा, पण तोंडी उत्तराचा टप्पा गाळू नये एवढेच म्हणणे.

उत्तरा

उत्तर मिळाल्यानंतर काय करायचे, यावर अजून कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते अर्धे काम तिथे आहे.

'माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवली जाईल', 'बाब विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालीन'. ही वाक्ये टाळाटाळीची वाटतात, पण संसदेच्या व्यवहारात ती आश्वासने धरली जातात. कोणत्या शब्दांना आश्वासन मानायचे त्याची प्रमाण यादीच आहे. संसदीय कार्य मंत्रालय कामकाजातून ती वेचून संबंधित मंत्रालयाकडे पाठवते, आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे, १५ सदस्यांची. राज्यसभेची १९७२ पासून, १० सदस्यांची. मुदत टळली तर मंत्रालयाला समितीकडे कारण देऊन वाढ मागावी लागते. आश्वासन वगळायचे असेल तरी समितीलाच विनंती करावी लागते.

म्हणून 'विचाराधीन आहे' हे उत्तर आले की निराश होऊ नये. तारीख टिपून ठेवावी आणि तीन महिन्यांनी पूर्तता झाली का ते पाहावे. याउलट 'अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही' हे उत्तर आश्वासनात मोडत नाही. तिथे विषय बंद होतो असे वाटते, पण ते उत्तरही नोंदच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीत मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही, असे श्रम मंत्रालयाने लोकसभेत लेखी सांगितले. आकडा मिळाला नाही, पण सरकारने मोजदाद केली नाही हे सरकारच्याच सहीने मिळाले, आणि त्यावर देशभर चर्चा झाली.

उत्तर तथ्याच्या दृष्टीने अपुरे असेल तर नियम ५५ खाली अर्धा तास चर्चा मागता येते. तीन दिवस आधी नोटीस, कारणे सांगणारे टिपण, आणि आणखी किमान दोन सदस्यांच्या सह्या. उत्तर चुकीचे असेल तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली पुराव्यासह लेखी कळवायचे. मंत्र्याला स्वतःहून चूक कळली तर दुरुस्तीचे निवेदन करावे लागते. हक्कभंगाची घाई मात्र करू नये. त्यात मंत्र्याने जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावे लागते आणि ते फार क्वचित टिकते. निर्देश ११५ कमी गाजतो, पण कागद दुरुस्त होतो.

उंबरठा

नागरिकांनी विषय सुचवणे, मसुदा करून देणे हे चालते का? पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे प्रकरण आठवते म्हणून विचारते.

शिरस्तेदार

विषय आणि कागदपत्रे देणे पूर्णपणे योग्य. मतदारांनी ते करायलाच हवे. पैसे किंवा कोणताही लाभ आला की सदस्यत्व जाते. डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचे १, आणि जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. नोटिसा आता सदस्याच्या पोर्टलवरून जातात. त्याचा लॉगिन आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणे हा वेगळाच गंभीर मामला आहे. मसुदा कागदावर द्यावा, दाखल सदस्याने करावा.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मसुदा जल जीवन मिशनपुरता, म्हणजे ग्रामीण घरांना नळाने पाणी देण्याच्या केंद्राच्या योजनेपुरता, आवळला आहे. राज्याचा विषय म्हणून उडवला जाऊ नये यासाठी केंद्राच्या निधीला आणि केंद्राच्या निकषाला धरले आहे:

'(क) महाराष्ट्रात मिशनखाली आतापर्यंत किती नळजोडण्या दिल्या. (ख) त्यांतील किती नळांना पाणी येते. (ग) येत नसल्यास कारणे काय?'

कोरा कागद

दिशा बरोबर. 'पाणी येते' म्हणजे किती? मंत्रालय म्हणेल येते. मिशनची स्वतःची व्याख्या वापरा: दरडोई दररोज किमान ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचे, नियमित. सरकारचीच व्याख्या वापरली की तिच्यावर वाद घालता येत नाही.

शिरस्तेदार

(क) काढून टाका. जोडण्यांचा आकडा मिशनच्या डॅशबोर्डवर रोज दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये देशात ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होते इथपासून सगळे तिथे आहे. उत्तर म्हणून त्याच पानाचा पत्ता मिळेल आणि एक भाग फुकट जाईल. त्याजागी उपयोगिता प्रमाणपत्रे (मिळालेला निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे राज्याचे दाखले) विचारा, ती केंद्राकडेच येतात.

(ख) मध्येही 'किती नळांना' विचारू नका. तपासणी झाली का, कोणी केली, कधी केली, ते विचारा. (ग) मधल्या 'कारणे काय' ला भूजल, वीज, देखभाल अशी ठोकळेबाज यादी मिळेल. त्याऐवजी केंद्राने राज्याला काय कळवले ते तारखेसह मागा. पत्राला तारीख असते, त्यामुळे ते पुढे मागता येते.

उत्तरा

आणि शेवटचा भाग असा ठेवा की तपासणी झालीच नसेल तरी उत्तर द्यावे लागेल. 'असल्यास' च्या जोडीला 'नसल्यास' हवाच. मिशनची मुदत २०२४ वरून २०२८ पर्यंत वाढवल्याची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली, ते मात्र इथे आणू नका, तो वेगळ्या प्रश्नाचा विषय आहे.

पाणवठा

सगळ्या सूचना घेऊन:

'जलशक्ती मंत्री पुढील माहिती देतील काय :

(क) जल जीवन मिशनखाली २०१९-२० पासून महाराष्ट्राला वर्षनिहाय किती केंद्रीय निधी वितरित झाला आणि त्यापैकी किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे प्राप्त झाली;

(ख) नळजोडणी मिळालेल्या ग्रामीण कुटुंबांना दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी नियमित मिळते किंवा नाही याची प्रत्यक्ष तपासणी किती कुटुंबांकडे, कोणत्या वर्षी व कोणत्या यंत्रणेमार्फत करण्यात आली;

(ग) त्या तपासणीत या निकषापेक्षा कमी पाणी मिळणारी किती कुटुंबे आढळली, त्याचा जिल्हानिहाय तपशील काय;

(घ) याबाबत केंद्र सरकारने राज्य सरकारला कोणत्या तारखेस काय कळविले, आणि

(ङ) तपासणी झाली नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?'

शिरस्तेदार

आता ठीक आहे. शंभर शब्दांच्या आसपास बसतो. (ग) मध्ये 'जिल्हानिहाय तपशील केंद्राकडे उपलब्ध असल्यास' असे घालायचा मोह होईल, तो टाळा. उपलब्ध नसेल तर ते त्यांनी लिहावे. पहिल्यांदा अतारांकित द्या, आणि उत्तर आले की परिशिष्टासकट इथे टाका. पुरवणी त्यावरून काढू.